लांब कोट, आखूड पाकीट



गेल्या वर्षीच्या जुलैतली गोष्ट. रविवारची वंदना आटोपून आम्ही विहाराच्या ओट्यावर महिला बचत गटाची वही घेऊन बसलो होतो. बी.कॉम. झालेला कारकून म्हणून वस्तीतले हिशेब आमच्याच गळ्यात पडतात. आमच्या गल्लीतल्या एक ताई आल्या. त्या महापालिकेच्या सफाई खात्यात आहेत, त्यांचे मालक रिक्षा चालवतात. मुलाला इंग्लंडमधील लीड्स शहरी एम.एस्सी.साठी प्रवेश मिळाला होता, शिष्यवृत्तीही मंजूर झाली होती. साऱ्या वस्तीला आनंद झाला होता. ताई मात्र हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊ, गटातून पंधरा हजार निघतील का? पोराला कोट घ्यायचाय. नाहीतर कानातले ठेवते."

मुलगा मागे उभा होता. त्याने मोबाईलवर फोटो दाखवला. गुडघ्यापर्यंत लांब, खाकी रंगाचा, दोन रांगा बटणांचा, कमरेला पट्टा असलेला कोट. जुन्या चित्रपटांतले गुप्त पोलीस घालत तसला. "काका, याला ट्रेंच कोट म्हणतात. तिकडे सगळे हाच घालतात म्हणे. मॉलमध्ये साडेचौदा हजारांना आहे."

आम्ही मनात हिशेब केला. गटाचे व्याज महिना दोन टक्के. १४,५०० रुपयांवर महिन्याला २९० रुपये नुसते व्याज. आम्ही वही मिटली आणि म्हटले, "ताई, आठ दिवस द्या. आधी कोट समजून घेऊ, मग पैशाचे बघू."

बर्मिंगहॅमला आमचे एक मित्र बारा वर्षे नोकरीनिमित्त आहेत. त्यांना फोन लावला. वाचनालयातून दोन पुस्तके आणली. मुलाला बरोबर घेऊन तो मॉलमधला कोटही पाहून आलो. त्यातून जे हाती आले ते आज येथे मांडतो, कारण दरवर्षी सप्टेंबरला आपल्या वस्त्यांतून अशी मुले आता परदेशी निघत असतात आणि त्यांच्या आयांना हाच प्रश्न पडत असतो.

ट्रेंच म्हणजे खंदक. या कोटाचे नाव पहिल्या महायुद्धातून, म्हणजे १९१४ ते १९१८ च्या लढाईतून आले. त्याआधी इंग्लंडात पावसासाठी रबर लावलेल्या कापडाचे कोट होते. चार्ल्स मॅकिंटॉश यांनी १८२३ मध्ये त्याचे पेटंट घेतले होते. त्यातून पाणी आत येत नसे, पण आतला घामही बाहेर जात नसे, आणि रबराचा वास यायचा तो वेगळाच. आपल्याकडे रबरी रेनकोट घालून पावसात सायकल मारलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. पुढे १८७९ मध्ये थॉमस बर्बरी यांनी गॅबर्डिन हे कापड काढले. सूत विणण्याआधीच त्यावर पाणी न धरणारी प्रक्रिया करायची आणि मग ते घट्ट, तिरप्या विणीत विणायचे, अशी त्याची रीत. कापड हलके, हवा खेळती आणि पाऊस वरच्या वर ओघळून जायचा. गॅबर्डिन हा शब्द आपल्या शिंप्यांनाही ठाऊक आहे. पँटीचे ते कापड त्याच विणीचे, फक्त पाण्याची प्रक्रिया त्यावर असतेच असे नाही. हा फरक ध्यानात ठेवावा.

आता यातली एक गोष्ट आपण लक्षात घेण्यासारखी आहे. हा कोट युद्धात सगळ्यांना मिळत नव्हता. तो अधिकाऱ्यांचा कोट. ब्रिटिश सैन्यातले अधिकारी आपला गणवेश शिंप्याकडून शिवून घेत आणि हा कोट दुकानातून विकत घेत. साध्या शिपायाला सरकारी जाड लोकरीचा ग्रेटकोट. तो खंदकातल्या चिखलपाण्याने भिजला की इतका जड व्हायचा की काही शिपाई खालचा घेर कापून टाकीत. आणि आपल्या देशाचे शिपाई? १९१४ च्या सप्टेंबर अखेरीस हिंदी पलटणी फ्रान्सच्या मार्सेय बंदरात उतरल्या, त्या उन्हाळी सुती खाकी कपड्यांत. ऑक्टोबरात त्या खंदकात होत्या. गरम कपडे त्यांच्यापर्यंत पोहोचेस्तोवर थंडी सुरू झालेली होती. म्हणजे एकाच खंदकात कोणाच्या अंगावर काय, हे हुद्द्यावर ठरत होते.

कोटावरच्या त्या साऱ्या पट्ट्या-बटणांना मुळात काम होते. खांद्यावरच्या पट्ट्या हुद्द्याची चिन्हे लावण्यासाठी. उजव्या खांद्यावर छातीकडे जे जादा कापड सुटे असते ते, आणि पाठीवरची झालर, पावसाचे पाणी आत न जाता खाली ओघळावे म्हणून. मनगटावरचे पट्टे आवळले की बाहीतून वारा व पाणी शिरत नाही. गळ्याशी कॉलर बंद करायची पट्टी त्याचसाठी. मागचा खालचा कट पाय मोकळे पडावेत म्हणून. पट्ट्याला इंग्रजी डी अक्षराच्या आकाराच्या कड्या असतात, त्यांना अधिकारी आपले सामान अडकवीत असे सांगतात. युद्ध संपले, कोट मात्र नागरी लोकांनी उचलला. १९४२ च्या कॅसाब्लांका चित्रपटात हंफ्री बोगार्ट यांनी तो घातला आणि जगभर त्याचा रुबाब झाला. आज इंग्लंडात बँकेतला कारकूनही तो घालतो आणि प्राध्यापकही घालतात. हुद्दा गेला, पट्ट्या राहिल्या.

इतके समजल्यावर आम्ही मुलाला विचारले, "तुला नेमका कशासाठी हवाय?" तो म्हणाला, "थंडीसाठी आणि पावसासाठी." येथेच खरी गंमत आहे. ट्रेंच कोट थंडीचा कोट नव्हे. तो वाऱ्याचा आणि हलक्या पावसाचा कोट आहे. त्याला आत काढता-घालता येणारे लोकरीचे अस्तर असेल तर थंडीतही चालतो, नसेल तर आत जाड स्वेटर हवाच. त्याला टोपी नसते. लीड्समध्ये वारा असा की छत्री उलटी होते, असे आमच्या मित्राने सांगितले. जानेवारीत तेथे दिवसाचा पारा सहा-सात अंशांच्या घरात, रात्री शून्याच्या जवळ. डिसेंबरात चार वाजायच्या आत अंधार. आणि आपला मुलगा मोटारीने जाणार नाही. तो पायी कॉलेजला जाणार, संध्याकाळी कुठेतरी काम करणार. विद्यार्थ्याला तेथे सत्र चालू असताना आठवड्याला २० तास कामाची परवानगी असते. पहाटे दुकानात माल लावायला जाणाऱ्या मुलाला आधी काय हवे? टोपी असलेले, पाणी न शिरणारे जॅकेट. कोट त्यानंतर.

मॉलमधला तो साडेचौदा हजारांचा कोट आम्ही उलटा करून पाहिला. आतल्या चिठ्ठीवर शंभर टक्के पॉलिएस्टर. आत अस्तर पातळ, चकचकीत. विक्रेत्याला विचारले, "पाणी थांबतं का?" तो म्हणाला, "साहेब, हा फॅशनचा आहे." प्रामाणिक माणूस. आम्ही त्याचे आभार मानून बाहेर पडलो.

मुलाचा चेहरा उतरला. आम्हाला त्याचे वाईट वाटले, कारण त्याच्या मनात काय चालले होते ते आम्ही ओळखून होतो. तो थंडीला भीत नव्हता. तिकडच्या पोरांत आपण वेगळे दिसू, गबाळे दिसू, याला भीत होता. ही भीती खोटी नाही. आम्ही स्वतः ती भोगली आहे. २००२ साली बी.कॉम. होऊन आम्ही एका खासगी कंपनीत मुलाखतीला गेलो, तेव्हा मामांच्या लग्नातला कोट उसना नेला होता. मे महिना. बाह्या बोटांपर्यंत. फॉर्मवर सही करताना बाही ओल्या शाईवरून फिरली आणि समोरचे साहेब हसले. प्रश्न सोपे होते, पण आमचे सारे लक्ष त्या बाहीकडे. नोकरी लागली नाही. ती कोटामुळेच गेली असे आम्ही म्हणणार नाही. पण अंगाला न बसणारा कपडा माणसाला आतून कसा लहान करतो ते आम्ही त्या दिवशी शिकलो.

म्हणून कपड्याची हौस म्हणजे उधळपट्टी, असे आम्ही कधी म्हणत नाही. १९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी आपल्या आया-आज्यांना सांगितले होते की ज्या नेसण्यावरून आणि दागिन्यांवरून आपली अस्पृश्यता ओळखू येते ते टाकून द्या, नीटनेटक्या राहा. पेहराव हा आपल्यासाठी कधीच नुसता पेहराव नव्हता. पण त्याच बाबासाहेबांनी लंडनला शिकताना अर्धपोटी दिवस काढले आणि पैसा वाचवला तो पुस्तकांसाठी. त्यांचे तेथील किंग हेन्रीज रोडवरचे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये घेतले. आमच्या मुलाला आम्ही सांगितले, तिकडे गेलास की ते घर पाहून ये. नीट राहायचे, पण आईचे कानातले ठेवून नव्हे. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध नाहीत.

मग आम्ही यादी केली. थर्मलचे दोन जोड १,८०० रुपये. एक जाड स्वेटर १,४००. टोपीवाले पाणी न शिरणारे जॅकेट ३,६००. हातमोजे, मफलर, कानटोपी मिळून ७००. एकूण ७,५००. वडिलांनी रिक्षाच्या गल्ल्यातून निम्मे काढले, निम्मे मुलाच्या मामांनी दिले. गटाचे कर्ज घ्यावे लागले नाही. कोट इथे घ्यायचा नाही, तिकडे जाऊन घ्यायचा, असे ठरले.

कारण इंग्लंडात धर्मादाय दुकाने असतात. ऑक्सफॅम, ब्रिटिश हार्ट फाउंडेशन अशा संस्था लोकांनी दिलेले जुने कपडे विकतात आणि तो पैसा त्यांच्या कामाला जातो. तेथे घेणाऱ्याला कमीपणा नसतो, चांगले नोकरदारही रांगेत असतात. ज्या कंपन्यांनी हा कोट नावारूपाला आणला, त्यांचा नवा कोट आज हजार पौंडांहून महाग, म्हणजे आपले लाखाच्या वर. तो आपला रस्ताच नव्हे. पण साध्या कंपनीचा, कोणी चार हिवाळे वापरलेला, चांगल्या सुती कापडाचा कोट या दुकानांत अगदी थोडक्या पैशात मिळू शकतो.

आता निवडायचा कसा, ते सांगतो. आमच्या मित्राने सांगितलेले आणि वस्तीतल्या आमच्या शिंपीदादांनी पारखून दिलेले हे बोल आहेत.

पहिली गोष्ट खांदा. दुकानात जाताना आपला सर्वांत जाड स्वेटर घालून जावे आणि कोट त्यावर चढवून पाहावा. खांद्याची शिलाई खांद्याच्या हाडावर किंवा किंचित पुढे पडावी. खांदा चुकला तर शिंपीदादा म्हणतात, "तो कोट सोडून द्या." खांदा दुरुस्त करायचा म्हणजे सारा कोट उसवायचा. बाही आणि लांबी मात्र कमी करता येते.

दुसरी गोष्ट पाठ. सारी बटणे लावून, बसची दांडी धरल्यासारखे दोन्ही हात पुढे करावेत. पाठीत ओढ बसली तर एक नंबर मोठा घ्यावा. छातीशी मूठ आत जाईल इतकी जागा असावी, त्याहून जास्त नको.

तिसरी गोष्ट लांबी. बाही मनगटाचे हाड झाकून अंगठ्याच्या मुळापर्यंत यावी. खालचा घेर गुडघ्याशी किंवा थोडा वर. आपल्यापैकी बरेच जण पाच फूट चार-पाच इंचांचे. त्यांनी गुडघ्याच्या वरच थांबावे, पोटरीपर्यंतचा कोट त्यांना गिळून टाकतो. अंगाने स्थूल असेल त्याने दोन रांगा बटणांऐवजी एका रांगेचा पाहावा, पुढे कापडाचा थर कमी होतो.

चौथी गोष्ट कापड. चिठ्ठी वाचावी. सुती किंवा सुती-पॉलिएस्टर मिश्र, घट्ट विणीचे कापड बरे. थेंबभर पाणी टाकून पाहता आले तर पाहावे. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर प्रक्रिया शाबूत आहे, लगेच शोषला गेला तर गेलेली आहे. गेली तरी घाबरू नये, वरून मारायचा फवारा तेथे मिळतो.

पाचवी गोष्ट जुन्या कोटाची तपासणी. बगलेतले अस्तर फाटले आहे का, कॉलरच्या आत मळ बसला आहे का, बटणे पूर्ण आहेत का, खिसे उसवले आहेत का, कुबट वास येतो का. आणि पट्टा! जुन्या कोटाचा पट्टा हमखास हरवलेला असतो. पट्टा नसेल तर भाव कमी करून मागावा किंवा कोट ठेवून द्यावा.

रंगाचे म्हणाल तर खाकी देखणा, पण मळ दाखवतो. रोज बसने जाणाऱ्याला गडद निळा सोयीचा.

घालण्याच्याही रीती आहेत. नव्या कोटाच्या मागच्या कटावर फुलीसारखा टाका घातलेला असतो. तो दुकानात घडी मोडू नये म्हणून असतो, घालण्यापूर्वी कापून काढावा. बाहीवर बाहेरून कंपनीची चिठ्ठी शिवलेली असेल तर तीही उसवावी. आपल्याकडे ती मिरवायची पद्धत आहे, पण ती मिरवायची वस्तू नाही. पट्टा बक्कलमध्ये घालायलाच हवा असे नाही, पुढे साधी गाठ मारली तरी शोभते. पोट आवळून बांधू नये. कोट उघडा ठेवायचा असेल तर पट्ट्याची टोके मागे बांधावीत किंवा खिशात घालावीत, नाहीतर लोंबत राहतात आणि बसच्या दारात अडकतात. इमारतीत शिरल्यावर कोट काढून खुंटीला लावावा. तेथे आत उष्णता सोडलेली असते. आत कोट घालून बसले की घाम येतो आणि बाहेर पडल्यावर तोच घाम गार पडून माणूस कुडकुडतो. कोट भिजला तर रुंद हँगरवर मोकळ्या हवेत वाळवावा, हीटरवर टाकू नये. घरी साबणात बुचकळू नये. चिठ्ठीवर सांगितले असेल तसेच धुवावे.

आणि हा कोट मुंबई-ठाण्याच्या पावसासाठी नव्हे, हेही सांगून ठेवतो. आपला पाऊस तासन् तास कोसळतो आणि हवा दमट. दहा मिनिटांत कोट बाहेरून पावसाने आणि आतून घामाने भिजेल. इथे आपला साधा रेनकोट आणि छत्रीच बरी.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात मुलाचा फोटो आला. गडद निळा कोट, एका रांगेचा, आत अस्तर, गुडघ्याच्या थोडा वर. अठरा पौंडांना मिळाला. आपले दोन हजारांच्या आसपास. म्हणजे अंगभर सारा बंदोबस्त साडेनऊ हजारांत झाला, जिथे नुसत्या कोटाला साडेचौदा जात होते. फोटोत पट्ट्याची दोन्ही टोके लोंबत होती. आम्ही लिहून पाठवले, "बाळा, पट्टा बांध." त्याचे उत्तर आले, "काका, रोज जॅकेटच घालतो. हा मुलाखतीसाठी ठेवलाय." आम्हाला तो कोटापेक्षा या उत्तराचा जास्त अभिमान वाटला. ताईंना फोटो दाखवला. त्या बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "बाही बरोबर आलीय." त्यांच्या कानातले कानातच होते.

जाता जाता एक विनंती. शिकून परत येणाऱ्या मुलांनी आपले कोट, जॅकेटे, हातमोजे तिकडे टाकून येऊ नयेत. सामानात जागा असेल तर घेऊन यावेत. इकडे त्यांचा उपयोग नाही, पण पुढच्या सप्टेंबरला निघणाऱ्या कोणा मुलाला तो आहे. आमच्या विहारातल्या कपाटाचा खालचा कप्पा आम्ही त्यासाठी मोकळा केला आहे. सध्या त्यात दोन स्वेटर, एक जॅकेट आणि हातमोज्यांची एक जोडी आहे. घेणाऱ्याने वहीत नाव लिहायचे, आणि परत आल्यावर जे चांगल्या स्थितीत असेल ते पुन्हा ठेवायचे. व्याज नाही. आपापल्या वस्तीत असा एखादा कप्पा कोणी केला तर आम्हाला जरूर कळवावे.

जयभीम.